कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतोय? आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटतो आणि आपण रंगाऱ्याला बोलावतो. रंग लागतो, पुढच्या पावसात डाग पुन्हा वर येतो, कारण पाणी मुरत असतं गच्चीवर किंवा वरच्या मजल्याच्या मोरीत. मुंबईकराला हे सांगावं लागत नाही. हळू सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण असाच रंग मारत बसतो. कुणी म्हणतं रॅम वाढव, कुणी म्हणतं फॉरमॅट मार, कुणी म्हणतं नवीनच घेऊन टाक. वेळ नेमका कुठे जातोय, हे कुणीच बघितलेलं नसतं.

परळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक डेस्कटॉप आहे. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभांची इतिवृत्तं, सगळं त्याच्यावर. तो सुरू व्हायला पावणेसात मिनिटं लागायला लागली तेव्हा नव्या मशीनचा विषय कमिटीच्या सभेत आला. मी एक रविवार मागून घेतला. त्या दिवशी जे केलं ते इथे लिहितोय. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर हे सगळं तुम्हाला घरी करता येईल. स्क्रूड्रायव्हर लागलाच तर शेवटी लागेल.

सर्वात आधी कॉपी

कॉम्प्युटर हळूहळू मंदावला असेल तर घाई नाही. पण गेल्या आठवड्यापर्यंत ठीक होता आणि अचानक रखडायला लागला, तर हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता धरून चाला. म्हणून काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मार्कशीट, भाडेकरार, फोटो, सोसायटीचे हिशेब. कॅबिनेटमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर कॉपी होईपर्यंत दुसरं काहीच करू नका. तपासणी नको, सफाई नको, डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइल्स एका जागी लावणं, तर मुळीच नको. आजारी डिस्कला जेवढं पळवाल तेवढी ती लवकर जाईल.

मग घड्याळ लावा

मोबाइलचा स्टॉपवॉच काढा. बटण दाबल्यापासून तीन टप्प्यांची वेळ कागदावर लिहायची आहे.

पहिला टप्पा: बटण दाबल्यापासून ते कंपनीच्या लोगोखाली गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत. या वेळात विंडोज अजून आलेलं नसतं. मदरबोर्ड आपली रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासत असतो.

दुसरा टप्पा: ठिपके फिरायला लागल्यापासून पासवर्डचा पडदा येईपर्यंत. इथे विंडोज स्वतः डिस्कवरून वर येतं.

तिसरा टप्पा: पासवर्ड टाकल्यापासून कॉम्प्युटर खरोखर वापरता येईपर्यंत. डेस्कटॉप दिसला म्हणजे झालं असं नाही. एखादी फाइल उघडा. ती पटकन उघडली की घड्याळ थांबवा.

हे एकदा ‘शट डाऊन’ करून आणि एकदा ‘रीस्टार्ट’ करून मोजा. दोन्हींत फरक येईल आणि त्याला कारण आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तुम्ही शट डाऊन म्हणता तेव्हा विंडोज आपला गाभा पूर्ण बंद न करता डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. त्यामुळे सुरुवात लवकर होते, पण अडकलेला एखादा ड्रायव्हरही (यंत्राचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं. टास्क मॅनेजर (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की उघडतो) काढा आणि त्याच्या ‘परफॉर्मन्स’ भागात सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणारा कॉम्प्युटरही तिथे कधी बारा-पंधरा दिवस दाखवतो. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट कराच. काहींचं दुखणं एवढ्यावरच जातं. ही सोय बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. फिरती हार्ड डिस्क असेल तर मला तो पटत नाही, कारण तिथे या सोयीचा खरा फायदा होतो.

आमच्या ऑफिसातल्या मशीनचे आकडे असे आले: पहिला टप्पा १८ सेकंद, दुसरा २ मिनिटं १० सेकंद, तिसरा सव्वाचार मिनिटं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पासवर्डनंतर जात होता. तुमचा जो टप्पा सगळ्यात लांब, तिथून सुरुवात करा. ज्यांनी आधी कधीच हे केलेलं नाही त्यांच्याकडे बहुधा तिसराच लांब निघतो, म्हणून मी उलट्या क्रमाने सांगतो.

पासवर्डनंतर रखडत असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज ११ मध्ये डावीकडे ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ आहे, १० मध्ये वर ‘स्टार्टअप’ नावाचा टॅब. टॅब न दिसता फक्त उघड्या प्रोग्रॅमची नावं दिसत असतील तर आधी खालचं ‘मोअर डीटेल्स’ दाबा. ही यादी म्हणजे तुम्ही न बोलावता दारात येऊन बसणारी मंडळी. कित्येक प्रोग्रॅम बसवताना गुपचूप इथे आपलं नाव लिहून ठेवतात.

नकोशा नावावर उजवं क्लिक करून ‘डिसेबल’ म्हणा. घाबरू नका, यात प्रोग्रॅम उडत नाही. तो फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो; तुम्ही उघडला की नेहमीसारखा चालतो. चुकलं वाटलं तर त्याच जागी ‘एनेबल’ आहे.

काय बंद करावं? गाण्यांचं अ‍ॅप, गेमचं लाँचर, मीटिंगची अ‍ॅप्स, पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा अपडेटर, प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारी खिडकी. प्रिंटर तिच्याशिवायही छापतो. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळेसाठी बसवलेली अ‍ॅप्स तर अजून कितीतरी घरांत रोज सकाळी हजेरी लावतात.

काय ठेवावं? विंडोज सिक्युरिटी, टचपॅड आणि आवाजाचे ड्रायव्हर. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम वापरत असाल तर त्याला हात लावू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पत्र टाइप करायला बसलेला माणूस कीबोर्ड बिघडला म्हणून फोन करेल. वनड्राइव्हचं जरा विचार करून. तुमच्या डेस्कटॉपच्या आणि डॉक्युमेंट्सच्या फाइल्स त्याच्यावर जपल्या जात असतील तर तो चालू राहू द्या.

त्या यादीत ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असा रकाना असतो. तिथे ‘हाय’ दिसलं की लोक दचकतात. त्याचा अर्थ एवढाच की त्या प्रोग्रॅमने सुरुवातीला प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन घेतलं. आजच्या बहुतेक सगळ्या प्रोग्रॅम्सना हे लागू पडतं. तेव्हा शिक्का बघून नव्हे, गरज बघून ठरवा. ज्याच्या नावापुढे ‘पब्लिशर’, म्हणजे बनवणारी कंपनीच नाही आणि तुम्हाला तो ओळखूही येत नाही, तो नुसता बंद करून सोडू नका. विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण तपासणी चालवा.

याच टप्प्यातली दोन दुखणी यादीत दिसत नाहीत. एक: सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स, तिथे कालची उघडी अ‍ॅप्स पुन्हा उघडून देणारं एक बटण आहे. ते बंद करा. दुसरं जास्त जाचक: दोन अँटिव्हायरस. दुकानदाराने एक बसवून दिलेला, नंतर भाच्याने दुसरा टाकलेला, त्यातल्या एकाची मुदत संपलेली. दोघेही उघडणाऱ्या प्रत्येक फाइलची झडती घेतात. एकच ठेवा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. दुसरा सगळा काढलात की तो आपोआप कामाला लागतो.

एवढं करूनही पासवर्डनंतर मिनिटं जात असतील, तर सर्चमध्ये ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’ उघडा. ‘सर्व्हिसेस’मध्ये, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या सेवांच्या यादीत, आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक करा. ही टिक विसरू नका, विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद पडल्या तर नवीनच संकट उभं राहील. मग उरलेल्या सगळ्या बंद करून रीस्टार्ट करा. वेग आला तर दोषी त्यांच्यातच आहे. निम्म्या चालू करा, पुन्हा रीस्टार्ट. मग त्यातल्या निम्म्या. सोळा सेवा असल्या तरी चार फेऱ्यांत नाव हाती येतं. आमच्याकडे ते निघालं कधीचाच भंगारात गेलेल्या एका स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचं. यंत्र गेलं होतं, सॉफ्टवेअर रोज सकाळी त्याला शोधत होतं. ते काढलं, यादीतली अकरा नावं बंद केली आणि सव्वाचारचे दीड मिनिट झालं. अजून एक पैसाही खर्च झालेला नव्हता.

वाचायची आवड असेल त्यांच्यासाठी: विंडोज प्रत्येक सुरुवातीची नोंद ठेवतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं उतरत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. १०१ म्हणजे वेळ खाणारा प्रोग्रॅम, १०२ ड्रायव्हर, १०३ सर्व्हिस, नावासकट.

ठिपकेच फिरत राहत असतील तर

इथे बोट डिस्ककडे जातं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘डिस्क ०’खाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी (चिपवरची डिस्क), ते बघा. एचडीडी असेल आणि सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर मुख्य कारण सापडलं.

एचडीडीमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, आणि त्यांच्यावर एक सुई इकडून तिकडे जाऊन माहिती वाचते. दर वेळी सुई योग्य जागी पोचून चकती फिरून येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणं. विंडोज उभं राहताना तर हजारो बारीक फाइल्स विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात. एसएसडीत सुईही नाही आणि चकतीही नाही. ती सेकंदाला हजारो ठिकाणं वाचते. जुना कॉम्प्युटर वेगवान करायला एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील, तर ते एसएसडीवर घाला. रॅमवर नाही, प्रोसेसरवर तर नाहीच.

पण त्याआधी दोन फुकटच्या तपासण्या. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर जागा मोकळी करा. साधारण पाचवा भाग रिकामा असावा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून कचरा जातो. या यादीत ‘डाउनलोड्स’ असंही एक नाव असतं, त्यावर टिक करू नका. तो कचरा नाही, तुमचा डाउनलोड्सचा फोल्डर आहे, आणि त्यातली लाइटची बिलं आणि हॉल तिकिटं एका क्लिकमध्ये जातील.

दुसरी तपासणी डिस्कच्या तब्येतीची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम एका शब्दात सांगतो. ‘गुड’ असेल तर ठीक. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आलं तर वेग वगैरे विसरा, आजच सगळं कॉपी करा आणि डिस्क बदला.

डीफ्रॅगबद्दल: एचडीडीला चालतं, एसएसडीला करू नये. एसएसडीची निगा विंडोज स्वतः राखतं. आणि ‘बूस्टर’, ‘क्लीनर’, ‘रजिस्ट्री दुरुस्त करा’ अशा नावाचं काहीही बसवू नका. त्यातले बरेचसे स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात.

लोगोवरच अडत असेल तर

टास्क मॅनेजरच्या त्याच स्टार्टअपच्या पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ असा सेकंदांचा आकडा दिसतो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणारं मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर. अगदी जुन्या मशीनवर तो नसतो. दहा-पंधरा सेकंद असतील तर सोडून द्या. वीस-तीसच्या वर असेल तर आधी मागचे-पुढचे सगळे पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, चार्जिंगला लावलेला फोन काढून पुन्हा मोजा. एक विसरलेला पेन ड्राइव्हसुद्धा पुरतो.

तारीख-वेळ वारंवार चुकत असेल, बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असेल, किंवा सुरू होताना एफ १ दाबा असा संदेश येत असेल, तर बहुधा मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तिचा नंबर सहसा सीआर २०३२, ३ व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. आपल्याकडे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करायची सवय आहे. चांगली सवय आहे, फक्त त्यामुळे रात्रभर घड्याळ या बॅटरीवरच चालतं आणि ती लवकर संपते. बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढा, कारण बॅटरी काढली की तिथली मांडणी पुसली जाऊ शकते. आणि डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातली रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ही किल्ली हाताशी नसताना बायोसला हात लावणं म्हणजे आपल्याच घराबाहेर अडकणं.

कॉम्प्युटर दोन-तीनदा बटण दाबल्यावरच सुरू होतो, बीप बीप करतो, आणि हे पावसाळ्यातच जास्त होतं? समुद्राकाठच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो. डेस्कटॉपची वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅम काढून पट्ट्यांवरून मऊ पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, भुगा पुसा आणि टक् असा आवाज येईपर्यंत रॅम नीट बसवा. त्याच वेळी पंख्यावरची धूळ ब्लोअरने उडवा, पंखा बोटाने धरून. धूळ आणि दमट हवा मिळून पंख्याच्या जाळीत नमदा जमतो, मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. लॅपटॉप उघडायचा असेल आणि आधी कधी उघडला नसेल, तर ते काम कारागिराला द्या.

एसएसडी घ्यायला गेलात तर

मुंबईत कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार म्हणजे ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. जाण्याआधी मशीनच्या मॉडेल नंबरचा फोटो घ्या. जुन्या डेस्कटॉपला आणि बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) चालते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० एमबी, चांगल्या एचडीडीच्या तीन-चार पट; पण सुरुवातीला खरा फरक पडतो तो सुई नसल्यामुळे. एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी) आकड्यांत कितीतरी पुढे असते, मात्र सुरू होण्याच्या वेळेत साटापेक्षा फार फरक जाणवत नाही, आणि जुन्या बोर्डावर ती बसेलच असं नाही.

रॅम ४ जीबी असेल तर याच फेरीत ८ करा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी असली तरी त्यात जीव गुदमरतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’खाली किती खाचा भरल्यात ते दिसतं.

मशीन विंडोज १० वर असेल तर आधी एक गोष्ट तपासा. १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन या अटींत बसत असेल तर एसएसडीवर निःशंक खर्च करा. बसत नसेल तर स्वस्तातली छोटी एसएसडी घ्या, तीच पुढे बाहेरची डिस्क म्हणून वापरता येईल.

दुकानात जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्याच्यावर चालते. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून देतात, त्याला क्लोनिंग म्हणतात. जुनी डिस्क तब्येतीने चांगली असेल तरच हे करा; ‘कॉशन’ असेल तर नव्याने विंडोज बसवलेलं बरं. काम आपल्यासमोर करून घ्या. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, स्वतः टाइप करा.

आमच्या ऑफिसात एसएसडी बसल्यावर पहिल्या रीस्टार्टला ४१ सेकंद लागले. नव्या मशीनचा विषय पुढच्या सभेत मागे घेतला आणि ती रक्कम गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या खात्यात गेली.

निघताना जुनी डिस्क मागून घ्या, दुकानदार ‘राहू दे’ म्हणाला तरी. तिच्यावर तुमची आधार कार्डं, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं अजून आहे. ती पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट बंद करून कपाटात ठेवा. तीन महिन्यांत एखादी राहून गेलेली फाइल हमखास आठवते, ती तिथूनच मिळेल.